घरी काय करावे आणि विकत काय आणावे

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. त्यांच्या घरात पाच माणसे आहेत: नोकरी करणारे पती-पत्नी, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि गुडघेदुखीमुळे फार वेळ उभ्या राहू न शकणाऱ्या सासूबाई. सकाळी लोकल गाठण्याच्या घाईत डबे भरले जातात आणि संध्याकाळी घरी परतेपर्यंत आठ वाजत येतात. किराणा, डोशाचे तयार पीठ, मसाल्यांची पाकिटे, आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरून मागवलेले जेवण आणि सफाईच्या निरनिराळ्या बाटल्या यांत इतके पैसे जातात की घराचा हप्ता भरल्यावर हाती काही उरत नाही. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून त्यांनी काही घरगुती प्रयोगही केले. व्हिनेगरने पुसल्यावर देव्हाऱ्याच्या संगमरवराची चमक गेली, आणि संत्र्याच्या साली, गूळ व पाणी घालून ठेवलेली बाटली कपाटातच फुटली. त्या लिहितात, "सगळे घरी करायचे म्हटले तर झोपायचे कधी, आणि सगळे विकत आणायचे म्हटले तर पैसे कुठून आणायचे? आता पुढे दिवाळीचा फराळही आहेच."

प्रिय भगिनी,

सस्नेह नमस्कार.

काटकसरीचा जो उपाय घरातल्या एकाच व्यक्तीच्या झोपेतून वसूल होतो, तो मी सुचवणार नाही, हे आधीच सांगते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'सगळे घरी' असेही नाही आणि 'सगळे विकत' असेही नाही. गेल्या महिन्याची बिले आणि मोबाईलवरून केलेल्या खर्चाच्या नोंदी समोर घेऊन बसा आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहा: ती घरी केली तर किती पैसे वाचतील, आणि तिच्यात आपले हात किती वेळ अडकतील. यातला दुसरा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. मटकीला मोड यायला पूर्ण एक दिवस लागतो, पण त्यात हाताचे काम पाच मिनिटांचे असते. पापड करायला मात्र दिवसभर कोणीतरी खपावे लागते. ज्या कामात वाट पाहणे पुष्कळ आणि हाताचे काम थोडे, ते काम नोकरी करणाऱ्यांच्या घरात सहज बसते. ज्यात हात सतत गुंततात, ते सरळ विकत आणावे आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

तुमच्या खर्चात सर्वांत जड भाग बाहेरून मागवलेल्या जेवणाचा असणार, कारण आठ वाजता दमून आलेल्या माणसाला पोळी-भाजीची सुरुवात कांदा चिरण्यापासून करायची असेल, तर त्याचा हात मोबाईलकडे जाणारच. म्हणून पहिला उपाय असा की, वीस मिनिटांत ताटात पडेल असे काहीतरी घरात कायम तयार असावे. यासाठी थालीपिठाच्या भाजणीइतकी उपयोगी दुसरी वस्तू मला माहीत नाही. एक किलो ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी अर्धा किलो, गहू आणि उडदाची डाळ प्रत्येकी पाव किलो, शंभर ग्रॅम धणे आणि पन्नास ग्रॅम जिरे घेतले, तर सुमारे तीन किलो भाजणी होते आणि पाच माणसांना आठवड्यातून एकदा पोटभर थालीपिठे केली तरी ती साधारण महिनाभर पुरते. प्रत्येक धान्य वेगळे भाजावे, कारण बाजरी लवकर तडतडते आणि हरभऱ्याच्या डाळीला वेळ लागतो. सगळे एकत्र भाजले तर काही कच्चे राहते आणि काही करपते. आच मंद ठेवावी आणि खमंग वास सुटला, डाळीचा रंग किंचित बदलला की उतरवावे.

भाजण्याचे काम तासाभराचे आहे, आणि ते तुमच्या यजमानांनी करावे असे मी सुचवते. सासूबाईंनी ओट्याजवळ खुर्ची टाकून बसावे आणि कोणते धान्य कधी उतरवायचे ते वासावरून सांगावे. तुमच्या पत्रातून आलेल्या त्यांच्या "आमच्या वेळी सगळे घरीच व्हायचे" या वाक्यात अनुभवाचे जे भांडवल आहे, ते असे कामाला लावता येते. भाजलेले धान्य परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच डब्यात भरून गिरणीवर पाठवावे. गरम असताना झाकण लावले, तर आतल्या वाफेने धान्य ओलसर होते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि पीठ लवकर खवट होते. दळण जरा रवाळ सांगावे. पावसाळ्यात निम्मी भाजणी फ्रिजमध्ये ठेवावी. संध्याकाळी बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ, हळद आणि तीळ घालून पीठ भिजवले, ओल्या फडक्यावर थापले, मधे भोके पाडून तेल सोडले आणि सोबत घट्ट दही दिले की जेवण पूर्ण होते. धान्य आणि डाळ एकत्र असल्याने मुलांच्या पोटाला आधारही चांगला मिळतो.

भाजणीच्या जोडीला उपम्याचा भाजलेला रवा ठेवावा. चार वाट्या रवा भाजून घ्यावा. वेगळ्या कढईत तेलावर मोहरी, हिंग, उडदाची डाळ, सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता यांची फोडणी करून ती रव्यात मिसळावी आणि मीठ व चिमूटभर साखर घालावी. कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतावा, कारण त्यात ओल राहिली तर रव्याला बुरशी येते. एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळते पाणी लागते, आणि हे काम सातवीतला मुलगा वडिलांच्या देखरेखीखाली करू शकतो. पाकिटातला तयार उपमा याहून वेगळा नसतो. फक्त त्याची किंमत कित्येक पटींनी जास्त असते.

मोड आलेली कडधान्ये बाजारातून आणणे बंद करावे, हे मी आग्रहाने सांगते. कोरडी मटकी भिजून मोड आल्यावर तिचे वजन दुपटीहून अधिक होते, म्हणजे वजनावर विकत घेतलेल्या मोडाच्या मटकीत निम्म्याहून अधिक पाणी असते आणि आपण त्याचेही पैसे देतो. सकाळी निघताना मटकी भिजत घालावी, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला चांगले मोड आलेले असतात. ती फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते. मूग आणि चवळीचेही असेच. मोडाची कडधान्ये कच्ची न देता नीट शिजवूनच द्यावीत, विशेषतः मुलांना आणि सासूबाईंना, कारण मोड येताना लागणाऱ्या ऊबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात.

उसळीला किंवा आमटीला लागणारे वाटण रविवारी एकदाच करून ठेवता येते. एक किलो कांदे उभे चिरून तेलावर तांबूस परतावेत, सुके खोबरे वेगळे भाजावे आणि दोन्ही अगदी थोड्या पाण्यात वाटून बर्फाच्या साच्यात भरावे. वड्या गोठल्या की पिशवीत काढून ठेवाव्यात. पाच माणसांच्या उसळीला तीन-चार वड्या पुरतात आणि फ्रीझरमध्ये त्या दोन महिने टिकतात. आले-लसणाची पेस्टही अशीच गोठवावी. मात्र सोललेला किंवा वाटलेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची जी पद्धत व्हिडिओंमध्ये दाखवतात, ती धोक्याची आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आणि अशा ठिकाणी बोट्युलिझम हा गंभीर आजार करणारे जिवाणू वाढू शकतात. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाहीत. लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी मात्र निर्धास्त करावी, कारण तिच्यात ओल जवळजवळ नसते. जवसाची चटणी थोडी थोडी करावी, जवस कुटल्यावर लवकर खवट होतो. शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी जास्त दिवस टिकते. डब्यात चटणी असली की एखाद्या दिवशी भाजी नसली तरी पोळीचे काही अडत नाही.

उरलेल्या अन्नाबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्रात रात्रीचा भात सकाळी डब्यात देण्याचा उल्लेख आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. फोडणीचा भात हा चांगला, स्वस्त आणि मुलांच्या आवडीचा पदार्थ आहे, पण त्यासाठीचा भात रात्रभर ओट्यावर ठेवलेला नसावा. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की वाढून विष तयार करतात. हे विष नंतर फोडणीत परतल्याने जात नाही. त्यामुळे जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये जावा. मग सकाळी त्याला खुशाल फोडणी द्यावी. पोळीचे इतके जपावे लागत नाही. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करावा, किंवा त्या मिक्सरमधून काढून गूळ-तुपाचे लाडू वळावेत. दोडक्याच्या शिरा आणि दुधीच्या साली स्वच्छ धुऊन तीळ-मिरचीबरोबर परतून वाटल्या की उत्तम चटणी होते. फ्लॉवरची कोवळी पाने आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकून देणे मला पटत नाही. पाने भाजीत आणि काड्या वाटणात जाव्यात. साय साठवून तूप करणेही फायद्याचे आहे, कारण त्या स्निग्धांशाचे पैसे तुम्ही दुधाबरोबर आधीच दिलेले असतात. फुल क्रीम दुधात ६ टक्के, तर टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून टोन्ड दूध घेत असाल तर या खटाटोपात पडू नये.

काय घरी करू नये तेही सांगायला हवे. पाव, टोमॅटो सॉस, पापड, शेवया, कपडे धुण्याची पावडर आणि साबण यांच्या मागे लागू नका. डोशाचे पीठ या दोन्हींच्या मधे येते. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवून वाटण्यात हाताचे काम वीस मिनिटांचे आहे आणि बचत चांगली आहे. ज्या आठवड्यात जमेल त्या आठवड्यात करावे, आणि जमले नाही तर पाकीट आणावे.

आता सफाईकडे वळते. तुमच्या पत्रात सफाईच्या आठ प्रकारच्या बाटल्यांची यादी आहे. घरातली घाण मुख्यतः दोन प्रकारची असते, एक तेलकट आणि दुसरी पाण्यातल्या क्षारांची. तेलकट घाणीवर साबण आणि सोडा चालतो, तर नळाच्या तोटीवरचे किंवा बादलीच्या कडेचे पांढरे थर आंबट पदार्थाने सुटतात. एवढे ध्यानात ठेवले की भांड्यांचे लिक्विड, धुण्याचा सोडा आणि किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व या तीन वस्तूंत घरातली बरीचशी कामे होतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याचे व्हिडिओ फार लोकप्रिय आहेत. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि तो निघून गेल्यावर मागे जवळजवळ खारट पाणीच उरते, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांचा प्रभाव संपवतात. दोन्हींचे पैसे जातात आणि दोन्हींचा उपयोग होत नाही. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे, रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी करप सुटून येते. एक्झॉस्ट फॅनच्या प्लास्टिकच्या पात्यांवर बसलेला चिकट थर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने निघतो. पंखा आधी बंद करून प्लग काढावा आणि हातात रबरी मोजे घालावेत, कारण हा सोडा त्वचा कोरडी करतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर किंवा चिमणीच्या ॲल्युमिनियमच्या जाळ्यांवर सोडा मुळीच वापरू नये, त्या काळ्या पडतात. त्यांना गरम पाणी आणि भांड्यांचे लिक्विड पुरते.

तुमच्या देव्हाऱ्याचे जे झाले, त्याचे कारण सोपे आहे. संगमरवर हा चुन्याच्या जातीचा दगड आहे आणि आम्लाच्या स्पर्शाने त्याचा वरचा थर विरघळतो. जे फिके डाग दिसत आहेत, ते दगडावर बसलेले नसून दगडच तेवढा झिजला आहे, त्यामुळे कितीही पुसले तरी ते जाणार नाहीत. संगमरवराला पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून तेवढा भाग घासून घ्यावा लागेल. शहाबादी फरशी, कोटा आणि कडप्पाही याच जातीचे दगड आहेत. यांपैकी काही तुमच्या घरात असेल, तर त्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर, लिंबूसत्व यांपैकी काहीही पडू देऊ नये. साधे पाणी आणि दोन थेंब भांड्यांचे लिक्विड पुरे. देवाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना मात्र चिंच आणि मीठ हाच उत्तम उपाय आहे. ती घासून लगेच धुवावीत आणि कोरडी पुसावीत, नाहीतर ओल्या भांड्यावर पुन्हा डाग येतात. इतकेच पाहावे की, हे घासणे संगमरवराच्या ओट्यावर किंवा कडप्प्यावर होऊ नये.

पाणी तापवण्याच्या किटलीत थर जमला असेल, तर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घालून उकळावे, अर्धा तास ठेवून ओतून द्यावे आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा उकळून घ्यावे. शॉवरची चाळणीही अशाच पाण्यात बुडवून ठेवली की भोके मोकळी होतात.

फुटलेल्या बाटलीबद्दल: गूळ एक भाग, साली तीन भाग आणि पाणी दहा भाग असे हे मिश्रण आंबताना वायू सोडते, आणि पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल केले नाही तर बाटली फुटतेच. तीन महिन्यांनी जे मिळते ते सौम्य आंबट पाणी असते. त्याने टाइल्स पुसल्या जातात, पण ते जंतुनाशक म्हणून भरवशाचे नाही, आणि संगमरवराला तेही घातक आहे. सालींचा सदुपयोग करण्याची हौस असेल तर अवश्य करा. पैसे वाचवण्यासाठी मात्र याची गरज नाही, लिंबूसत्वाचे पाणी तेच काम त्याच दिवशी करते.

जंतुनाशकाची गरज रोज नसते. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील, तेव्हा संडास आणि नळाच्या मुठी यांसाठी ब्लीच वापरावे. लिटरभर गार पाण्यात वीस मिलिलिटर ब्लीच पुरते; हे पाणी त्याच दिवशी संपवावे आणि खिडकी उघडी ठेवावी. संडास धुण्याच्या बहुतेक बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते, व्हिनेगर किंवा लिंबूसत्व ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेली काच पुसण्याची द्रव्येही ब्लीचपासून दूर ठेवावीत. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही, समजावून सांगा. घरी केलेले कोणतेही सफाईचे पाणी शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका, तिसरीतली मुलगी ते सरबत समजून तोंडाला लावू शकते.

भांड्यांच्या लिक्विडची बचत वाटीभर पाण्यात चमचाभर मिसळून घासणी त्यात बुडवल्याने होते. पूर्ण बाटली पाणी घालून वाढवू नये, पातळ केलेल्या लिक्विडमध्ये जंतू वाढतात. पुसायला कागदी नॅपकिनऐवजी जुन्या सुती साड्यांची फडकी करावीत. ओट्याचे, जमिनीचे आणि भांड्यांचे फडके वेगवेगळे असावे आणि आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे.

ही कामे कोणी करायची हे आधीच ठरलेले नसले, तर ती सगळी पुन्हा तुमच्याकडेच येतील. कडधान्य भिजवणे आणि बांधणे सासूबाईंकडे द्यावे, बसून होण्यासारखे ते काम आहे. लसूण सोलणे आणि कोथिंबीर निवडणे मुलांकडे, भाजणी, गिरणी आणि बाथरूम यजमानांकडे, आणि रविवारचे वाटण तुम्हा दोघांकडे. सुरुवातीला एवढेच करा. भाजणी घरात रुळली की मग रव्याकडे वळा.

फराळाचे असे करावे. पातळ पोह्यांचा चिवडा आणि रव्याचे किंवा बेसनाचे लाडू घरी करावेत, कारण दोन्ही एका संध्याकाळी होतात, टिकतात आणि घरी केल्यास पुष्कळ स्वस्त पडतात. चकली, करंजी आणि अनारसे यांत हात फार अडकतात, म्हणून ते जवळच्या महिला बचत गटाकडून किंवा सोसायटीत फराळ करून देणाऱ्या एखाद्या ताईंकडून घ्यावेत. त्यांच्याकडे दिवाळीच्या आठवड्यात मागणी वाढते आणि भावही चढतो. तेव्हा पाच माणसांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना किती लागेल याचा अंदाज घेऊन नवरात्रातच सांगून ठेवा, आणि चकली भाजणीची हवी की तांदळाच्या पिठाची, तेही त्याच वेळी स्पष्ट करा.